नव्वद सेकंदांचा उजाला

भिलाईत पोलाद तयार होतं हे सगळ्या देशाला माहीत आहे. पण त्याच गावात नुसत्या तोंडाच्या वाफेवर चालणारा एक कारखाना होता आणि तो तीन वर्षं माझ्या पुढच्या बाकावर बसत असे, हे फार थोड्यांना माहीत आहे. त्याला आम्ही डायरेक्टर म्हणत असू. हे नाव त्याला कुणी ठेवलं नव्हतं. कॉलेजच्या पहिल्या दिवशी त्यानेच हात पुढे केला आणि स्वतःची ओळख करून दिली, "डायरेक्टर." तोवर त्याने डायरेक्ट केलेली एकमेव गोष्ट म्हणजे सेक्टर २ च्या गणपतीत मंडपाबाहेर लागलेल्या स्कूटरी. तो आणि मी दोघंही मराठी, पण हे आम्हाला वर्षभर माहीत नव्हतं. आमच्याकडे मराठी ही घरात नेसायची भाषा आहे. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की माणूस हिंदी चढवतो. एकदा टपरीवर त्याच्या फोनचा स्पीकर चुकून चालू राहिला आणि त्याच्या आईचा आवाज आला, "जेवला का बे? का अजून पिच्चरच काढून राहिला?" तेव्हा मला कळलं की हा आपल्यातलाच. त्यालाही त्या दिवशी वाईट वाटलं. कारण त्याची हिंदी अशी होती, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा थेट एखाद्या उद्घाटनाच्या कोनशिलेतून बाहेर आला आहे.

डायरेक्टर जगाकडे उघड्या डोळ्यांनी बघत नसे. चुलतबहिणीच्या गोंदियातल्या लग्नाच्या पत्रिकेत त्याने ब्लेडने एक चौकोन कापला होता, आणि दिसेल त्या गोष्टीकडे तो त्या चौकोनातून बघे. समोसा असो, प्राचार्य असोत, की सायकलवरून पडलेलं पोर असो, आधी पत्रिका वर जायची. समोर उभ्या असलेल्या माणसाला मात्र 'आमचे येथे श्रीकृपेकरून' ही ओळ दिसे आणि तिच्याखाली एक बारीक केलेला डोळा. आम्ही तीन वर्षं गोंदियाच्या एका लग्नातून बघितले गेलो. शोकसभेतसुद्धा त्याने ती पत्रिका काढली होती. मी कोपर मारलं तेव्हा म्हणाला, "दुःखाला बॅकलाइट किती सुंदर आलाय बघ."

तिसऱ्या वर्षी जाहिरात शिकवणाऱ्या सरांनी प्रोजेक्ट दिला: एका काल्पनिक पक्षाची नव्वद सेकंदांची प्रचारजाहिरात करा. तिघांचा गट. डायरेक्टर, मी, आणि नंदिनी नगरहून रोज बसने येणारी पूर्णिमा. तिचे वडील चुनखडीच्या खाणीत होते. तिच्याकडे एक चालणारा लॅपटॉप, एक बरा कॅमेरा असलेला फोन आणि काम करायची वाईट सवय होती. साहजिकच सगळं काम तिनेच केलं. डायरेक्टरने पदं वाटली. पूर्णिमाला 'टेक्निकल', मला 'क्रिएटिव्ह हेड'. उरलेली पाच त्याने नाइलाजाने स्वतःकडे ठेवली. नव्वद सेकंदांसाठी त्याने अकरा पानांची पटकथा लिहिली, त्यातली पहिली तीन पानं सूर्योदयाची होती. "सूर्य उगवतो. पण साधा सूर्य नाही," असं तिचं पहिलं वाक्य. पूर्णिमाने विचारलं, "तो कौन सा?" त्यावर तो दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. पक्षाचं नाव ठरलं 'सर्वजन उजाला दल'. निशाणी जेवणाचा डबा, कारण शूटिंगच्या दिवशी हाताशी तोच होता.

आता उजाला दाखवायचा तर आधी अंधार हवा, आणि इथेच पक्ष अडचणीत आला. पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमध्ये वीज सहसा जात नाही. शेवटी डायरेक्टरच्या क्वार्टरमध्ये, मे महिन्यात, भर दुपारी, खिडक्यांवर त्याच्या आईच्या दोन चादरी आणि माझ्या घरची सतरंजी बांधून आम्ही विरोधकांच्या राजवटीतला अंधार तयार केला. त्या अंधारात त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, कंदील घेऊन हताश बसल्या. कंदील शेजाऱ्यांचा होता आणि घामाने काकू खऱ्याच हताश दिसत होत्या. "कट" म्हटल्याबरोबर त्या म्हणाल्या, "बाबू, तुझ्या पार्टीनं आधी पंखा चालू करावं, मंग मी मत देतो." रस्त्याचंही तसंच. 'पहले'साठी टाउनशिपबाहेर कोहक्यातल्या आमच्या गल्लीतला खड्डा घेतला आणि 'अब'साठी सेक्टरमधला झाडांखालचा गुळगुळीत रस्ता. खड्डा जिथे होता तिथेच राहिला, कॅमेरा तेवढा हलला. मी हे बोलून दाखवलं तेव्हा डायरेक्टरने पत्रिकेतून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "विकास और क्या होता है, मॅडम?" तीन वर्षांत त्याच्या तोंडून निघालेल्या वाक्यांपैकी हे एकच मी वहीत उतरवून ठेवलं आहे.

शेवटच्या पाच सेकंदांत सुखी मतदार हवा होता. डायरेक्टरने आपल्या बाबांना, म्हणजे आमच्या काकांना, उभं केलं. काका मूळचे भंडाऱ्याकडचे, शेती भावावर सोडून प्लांटमध्ये आलेले, तीस वर्षं कोक ओव्हनला, म्हणजे कोळसा भाजणाऱ्या भट्ट्यांवर. निवृत्तीला तीन महिने राहिले होते. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्लांटमध्ये शिफ्ट संपली की जाणारा माणूस येणाऱ्याला 'चार्ज' देतो, म्हणजे काय चालू आहे, काय बिघडलं आहे, कुठे गॅस गळतो, हे सगळं सांगून, वहीत लिहून मगच घरी जातो. काकांनी चार्ज दिला की येणारा माणूस बिनघोर कामाला लागतो, अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्याकडे जमीन नव्हती, बंगला नव्हता. होती ती एवढीच.

तर काकांना इस्त्रीचा शर्ट घालून, हातात डबा देऊन अंगणात उभं केलं. वाक्य सोपं होतं: "पहले तकलीफ थी, अब सब ठीक है."

काका कॅमेऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे मी नाही म्हणत."

"कावून बाबा? पाच सेकंदाचं तं काम आहे!"

"सब ठीक है, असं मी तीस वर्षांत कोणाले नाही म्हटलं, बाबू. तसं म्हणून मी गेलो अन् ठीक नसलं, तं? त्या भरवशावर खाली माणूस उतरते."

"बाबा, हा प्लांट नाही. ही जाहिरात आहे. हिंदीत बोला तरी."

काकांनी आज्ञाधारकपणे हिंदीत सांगितलं, "सब ठीक है, ऐसा हम तीस साल में किसी को नहीं बोले. रोड अच्छा है. पानी दो टाइम आता है. बाथरूम का छत टपकता है. लड़का कॉलेज में है, क्या सीखता है मालूम नहीं." पूर्णिमा खाली मान घालून हसत होती आणि फोन चालूच होता. डायरेक्टरने विनवण्या केल्या, मग चिडला, मग म्हणाला, "माझं नाक कापू नका बाबा." काकांनी डबा खाली ठेवला. सेकंड शिफ्टची वेळ झाली होती.

दोन दिवसांनी डायरेक्टर प्रसन्न चेहऱ्याने पूर्णिमाच्या लॅपटॉपपाशी बसला. त्याने काकांचं बाकी सगळं बोलणं उडवलं आणि पहिले तीन शब्द ठेवले. "सब ठीक है." मागे बासरी लावली. पूर्णिमा म्हणाली, "अंकल ने ये नहीं बोला है." तो म्हणाला, "शब्द तो उन्हीं के हैं ना?" मी क्रिएटिव्ह हेड होते. मी काहीच बोलले नाही. उशीर झाला होता, बस चुकली असती, अशी कारणं माझ्याकडे तेव्हा होती आणि आजही आहेत.

कॉलेजच्या हॉलमध्ये जाहिराती दाखवल्या गेल्या. डायरेक्टरने घरच्यांना खास बोलावलं होतं. काका मागच्या रांगेत बसले. पडद्यावर चादरीतला अंधार गेला, सूर्य उगवला (साधाच निघाला), पोरं चॉकलेटच्या आशेने हसत धावली, आणि शेवटी काका आले, बासरीवर म्हणाले, "सब ठीक है." टाळ्या. आम्हाला पहिला नंबर मिळाला. सरांनी शेवटच्या शॉटचं विशेष कौतुक केलं: "कितना सच्चा चेहरा है!" काका बाहेर आले, स्कूटरला किक मारता मारता मला म्हणाले, "पोरी, आवाज माझाच आहे. पण मी हे म्हटलं नाही."

तरी एवढ्यावर भागलं असतं. पण कीर्ती खिशात ठेवणं डायरेक्टरच्या स्वभावात नव्हतं. आदल्या रात्रीच त्याने ती फिल्म गावभर पाठवली होती, आणि काकांच्या शिफ्टचा जो व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यावर तर काकांच्याच फोनवरून टाकली होती. कोक ओव्हनच्या पंचवीस माणसांना काकांच्या नंबरवरून काका सांगत होते, सब ठीक है.

चार दिवसांनी मी माझी सतरंजी परत आणायला त्यांच्या क्वार्टरमध्ये गेले. काका जेवत होते. डायरेक्टर टीव्हीवर ठेवलेल्या प्रमाणपत्राकडे पत्रिकेतून बघत होता.

"काल चार्ज दिला," काका भाताकडे बघून म्हणाले. "सात नंबरचा वॉल्व्ह टाइट केला, आता गळत नाही, असं सांगतलं. तं तो नवीन पोट्टा हासला. म्हणे, भैया, सब ठीक है ना? अन् टॉर्च घेऊन पाहाले गेला."

"मग पाहू द्या ना बाबा," डायरेक्टर म्हणाला. "पाहिलं तं बिघडलं काय?"

"बिघडलं काहीच नाही. पाहाचंच असते. पण माझं सांगणं ऐकून हासत कोणी पाहाले गेलं नव्हतं." ते ताक प्यायले. "तीन महिने राहिले आता. जातीन कसेतरी."

काकूंनी वाढायचा चमचा भांड्यात जरा जोरात टाकला. डायरेक्टरची पत्रिका हळूहळू खाली आली. त्याचे दोन्ही डोळे मी त्या दिवशी पहिल्यांदा एकदम पाहिले. ते बरेच लहान होते.

दुसऱ्या दिवशी त्याने पूर्णिमाकडून न कापलेली क्लिप मागून घेतली. पावणेचार मिनिटांची. तिच्यात काका होते, गळकं छत होतं, आणि सबंध वेळ कॅमेऱ्यामागून डायरेक्टरचा आवाज होता. विनवणारा, चिडणारा, शेवटी रडवेला होऊन नाक वाचवणारा. ती त्याने बाबांना विचारून त्याच ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, "काटा मैंने था. पापा ने नहीं बोला." तीन पानं सूर्य उगवत ठेवणाऱ्या माणसाची ही सर्वांत छोटी पटकथा. पुढे कित्येक दिवस तो सेक्टरच्या चौकात दिसला की प्लांटची माणसं नाक धरून, "मेरी नाक मत कटवाओ" म्हणत. तो मान खाली घालून निघून जाई. सरांकडेही तो कबुली द्यायला गेला होता. सर म्हणाले, "इसमें गलत क्या है? ऐड तो ऐसे ही बनता है." नंबर कायम राहिला. प्रमाणपत्र काकूंनी गव्हाच्या डब्याखाली घातलं.

यावरून तो सुधारला असा कुणी समज करून घेऊ नये. आज तो दुर्गला लग्नांचे व्हिडिओ करतो आणि निवडणूक आली की उमेदवार त्याला शोधत येतात. कॅमेरा हलवून विकास तो अजूनही करून देतो, झकास करून देतो. फक्त एखादं म्हातारं माणूस बोलत असेल तर त्याचं वाक्य तो कापत नाही. त्याच्या जाहिराती म्हणून लांबतात. उमेदवार कुरकुरतात.

काकांच्या निवृत्तीच्या दिवशी मात्र त्याने मोठा बेत केला होता. मला 'सेकंड कॅमेरा' नेमलं. गेटबाहेर आम्ही दुपारी दोनपासून उन्हात उभे. काका बाहेर आले; गळ्यात हार, खांद्यावर शाल, काखेत भेट मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ. मागून तो टॉर्चवाला पोट्टा धावत आला, वाकून पाया पडला आणि ओरडला, "भैया, आपने चार्ज में जैसा बोला, वैसाच लिख दिया!" काका हसले. डायरेक्टरने पत्रिका वर केली.

"ते ठेव खिशात," काका म्हणाले. "चार्ज घे."

"कशाचा?"

"घराचा. स्कूटरचा मागचा ब्रेक कमी लागते. तुझ्या आईच्या बीपीच्या गोळ्या गुरुवारी संपतात, ते स्वतः सांगत नाही, पाहा लागते. गावाकडच्या तुझ्या काकाशी माझं बोलणं बंद आहे, चूक माझी आहे. अन् उद्यापासून मी दिवसभर घरीच राहीन, हे तुझ्या आईले अजून नीट समजलं नाही."

डायरेक्टरने पेन काढलं. कागद नव्हता. त्याने पत्रिका उलटी केली आणि चौकोनाच्या कडेकडेने लिहू लागला.

काकांनी घड्याळ दुसऱ्या काखेत घेतलं. "अन् डाव्या कानानं मले कमी ऐकू येते. दोन वर्षं झाली. प्लांटच्या डॉक्टरले माहीत आहे. घरी नाही सांगतलं."

डायरेक्टरने तेही लिहिलं. मग तो स्कूटरला वळसा घालून काकांच्या उजव्या बाजूला गेला आणि हळूच म्हणाला, "बाकी?"

"बाकी तू पाहून घे."

सेकंड कॅमेऱ्याने यातलं काही टिपलं नाही. माझा फोन पर्समध्येच होता. अजूनही संध्याकाळी कधी कधी ते दोघं सिव्हिक सेंटरला फिरताना दिसतात. डायरेक्टरचं तोंड चालूच असतं, नवीन फिल्म, नवीन सूर्योदय, आणि काका त्यातलं अर्धंमुर्धं ऐकत, अर्धंमुर्धं सोडत चालतात. गर्दी असो, वळण असो, चालता चालता तो कधी मागे पडो. पुन्हा येऊन मिळतो तो उजव्या बाजूलाच.