मैंदर्गीच्या गिरणीत दुपारी कोण येणार?

आधी एक दुरुस्ती. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की मैंदर्गीच्या बायका दळण दुपारी आणायला तयार आहेत. ते चूक होतं. त्या फक्त ‘व्हय’ म्हणाल्या होत्या.

तिथली पिठाची गिरणी सौर पॅनेल, बॅटरी आणि गोबरगॅसचं इंजिन मिळून चालवायची, असा आराखडा माझ्याकडे आहे. दळण उन्हाच्या वेळी आलं तर लहान बॅटरी पुरते. नाही आलं, तर संध्याकाळी बॅटरी आणि थोडाफार गोबरगॅस संपून गिरणी मध्येच थांबणार आणि मालकीणबाई शरणव्वांचं गिऱ्हाईक अक्कलकोटला जाणार. चौथीपर्यंत मला आईनेच घरी शिकवलं. गणित सुटलं तरी उलटं करून ताळा बघायचा, ही तिची शिस्त. म्हणून शनिवारी पुन्हा निघाले.

सोलापूरहून अक्कलकोटपर्यंत एसटी, बायकांना अर्धं तिकीट. पुढे वडाप, जीप भरेपर्यंत हलत नाही, तेव्हा घाईत असाल तर जाऊच नका. दुपारभर गिरणीत बसले. एक शेळी तेवढी डोकावून गेली. शरणव्वांनी कडक भाकरी, दही आणि शेंगाचटणी वाढली. ती चटणी खाऊन माझी काळजी निम्मी झाली.

दिवस कलल्यावर मात्र रांग लागली. त्याच बायका. मला बघून पदराआड हसायला लागल्या.

“ताई, तुमी पावनं,” शरणव्वा म्हणाल्या. “पावन्याला तोंडावर न्हाय कसं म्हनायचं? मी बी व्हयच म्हनले की.”

“अहो, पण गिरणी तुमची आहे!”

“म्हून काय झालं? च्या पाजून न्हाय म्हनू?”

तेवढ्यात रांगेत वाद पेटला. कुणाची तरी ज्वारी हरभऱ्यामागोमाग दळली गेली होती आणि पिठाला वास लागला होता. मी विचारलं, सकाळी रानात जाताना दळणाचा डबा इथे ठेवलात आणि दुपारी नुसती ज्वारीच दळली तर?

या खेपेला कुणीच ‘व्हय’ म्हणालं नाही. डबे बदलले तर? पीठ कमी भरलं तर? शेवटी एक आजी म्हणाल्या, “आट दिस बगू. न्हाय जमलं तर शिव्या देऊ.” मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पाया पडले.

आता सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या घरी बसून हे लिहितेय. शरणव्वांनी निघताना बांधून दिलेला चटणीचा पुडा जवळजवळ संपलाय. त्या शंका मात्र मला कोणत्याही होकारापेक्षा भरवशाच्या वाटतात. अडचण एवढीच, की दुपारचं दळण धरून मी दिलेल्या जुन्या आकड्यांवर कार्यालयातल्या साहेबांनी लहान बॅटरी मंजूर केली आहे. मोठी मागितली तर ही गिरणीच योजनेतून वगळतील, अशी धास्ती आहे. तरीही आठ दिवसांचा अनुभव हाती येईपर्यंत बॅटरीची खरेदी थांबवा, हे मी त्यांना समोर बसून सांगणार आहे. उद्या, सोमवारी, कार्यालय उघडल्याबरोबर.