बहिऱ्या कानाकडची खुर्ची

रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर तीन खुर्च्या मांडायच्या, त्याही ठरल्या जागी. इकडची तिकडे झाली तर सासरे माझ्याकडे असं बघतात की मी तोफच उलटी लावली. तिघेही तोफखान्यातून निवृत्त झालेले, आणि तोफेशेजारी उभं राहून तिघांचाही एकेक कान गेलेला. त्यामुळे कोणाचा चांगला कान कुठे, हे पाहूनच बसतात. सासरे मधे. उजवीकडे, ऐकू येणाऱ्या कानाशी, ओझरचे काका. डावीकडे, ठार बहिऱ्या कानाशी, सिन्नरचे काका. ती खुर्ची त्यांनी स्वतःच निवडलेली.

गप्पा त्याच त्या. ओझरच्या काकांच्या गोष्टीतला बर्फ दरवर्षी फूटभर चढतो. मी लग्न होऊन आले तेव्हा गुडघ्याएवढा होता. आता काका त्यातून जिवंत कसे निघाले हेच कळत नाही. सासऱ्यांची गोष्ट मात्र वाढत नाही. डोंगरावरच्या चौकीत हातमोजे हरवले, तोफेचं गारठलेलं लोखंड उघड्या हातांनी धरावं लागलं, दोन बोटांची टोकं गेली. "माझाच वेंधळेपणा," म्हणतात, आणि त्याच हाताने बिस्कीट चहात बुडवतात.

एकदा चहाचा ट्रे घेऊन गेले, तेव्हा ओझरचा बर्फ ऐन रंगात होता. सिन्नरचे काका सासऱ्यांच्या डाव्या कानाशी वाकून हळूच बोलत होते. "उस्ताद, मोजे मीच उचलले व्हते. माझे हरवले व्हते, भ्यालो. लय चुकलं माझं."

सासरे मान डोलावत होते, पण ओझरच्या गोष्टीला. मी लक्ष ठेवलं, तर हे दर रविवारी चालायचं. एवढा छातीठोक माणूस, आणि कबुलीसाठी बहिरा कान गाठला होता. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मी कोणाला बोलले नाही.

मग यांनी वडिलांसाठी कानाचं मशीन आणलं. सिन्नरच्या काकांनी मला फाटकापाशी गाठलं. "पोरी, मशीन डाव्याच कानात घालणार का?"

"बहिरा तोच आहे ना, काका."

"आता उस्ताद माझं तोंड नाय बघायचे," ते म्हणाले आणि स्टँडकडे चालू लागले. पुढच्या रविवारी त्यांची एसटी चुकली. त्याच्या पुढच्या रविवारी घरात लग्न निघालं, तेही ऐन पितृपक्षात. तिसऱ्या रविवारी सासऱ्यांनी फोनवर हुकूमच सोडला, तेव्हा आले आणि ओझरच्या काकांच्या पलीकडे अंग चोरून बसले.

"तुझी जागा ती नाही," सासरे म्हणाले. काका निमूटपणे डावीकडे येऊन बसले. सासऱ्यांनी कानातलं मशीन काढलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. "हं, बोल. दर रविवारी बोलतोस तसं."

काकांनी कपबशी खाली ठेवली. त्यांनी सासऱ्यांच्या उजव्या कानाकडे वाकून मोठ्याने विचारलं, "उस्ताद, तुमाला ऐकू येत व्हतं?"

"छे. पण माझ्या मोज्याच्या अंगठ्याला भोक होतं. दुसऱ्याच दिवशी ते तुझ्या हातात दिसलं मला."

"मंग बोलला का नाय?"

"तू नवा होतास. साहेबाने सोडलं असतं का तुला?"

ओझरच्या काकांचा बर्फ पहिल्यांदाच अर्ध्यावर थांबला. ते उठले आणि त्यांनी आपली जागा रिकामी केली. सिन्नरचे काका तिथे, उजव्या कानाशी, जाऊन बसले. डोळे पुसले आणि मोज्यांची गोष्ट पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.