पाणचक्कीच्या खड्ड्यात

आमच्या मळ्याला लागून, नाल्याच्या काठावर जुनी पाणचक्की आहे. ती चालताना मी पाहिली नाही. दळायचे दगड कुणी केव्हाच उचलून नेले, छत पडलं. राहिल्या भिंती आणि खाली चाक फिरायचा खड्डा. चाकाला पाणी नेणारा दगडी पाट मात्र शाबूत आहे. त्यातूनच मी मोटरीचं पाणी मेथी-पालकाच्या वाफ्यांना देते.

मागच्या हिवाळ्यात शेवटच्या चार वाफ्यांना पाणी पोचेना. पलीकडचा मळा धाकट्या जावेचा. तिनेच पाट फोडला असं मी धरलं आणि गावातल्या पिठाच्या गिरणीवर पाच-सहा बायांसमोर तिला पाणीचोर म्हणाले. तिने डबा उचलला आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी विजेची लाईन नसताना मी पाट तपासत निघाले. पाणचक्कीपाशी गाळ भिंतीकडे ओढलेला दिसला. म्हणून खड्ड्यात उतरले. वाट एकच, नाल्याच्या बाजूची बुटकी कमान. रांगत आत गेले. कमानीच्या आत खड्डा छातीएवढा खोल. अंधार, वटवाघळांची घाण. वर भिंतीत वीतभर भगदाड आणि तिथून खालपर्यंत ओल; कालचं पाणी रात्रीतून जिरलेलं. चोर कळला. मागे फिरले तर पायाखालचा दगड घसरला, मी बसकण मारली आणि पाय चाकाच्या जुन्या लोखंडाखाली अडकला.

ओढला, निघेना. घोटा सोलला. उभंही राहता येईना. तेव्हा आठवलं, बाराला लाईन येते. आणि मोटरीला ऑटो आहे, लाईन आली की मोटर आपोआप सुरू. ते ऑटो मीच मुलाच्या मागे लागून बसवून घेतलं होतं.

विहिरीकडून घरघर ऐकू आली. थोड्या वेळाने भगदाडातून पाणी पडू लागलं. ते कमानीच्या उंबऱ्यापर्यंत चढल्याशिवाय बाहेर जाणार नव्हतं आणि बसल्या जागी माझं डोकं त्या उंबऱ्याच्याही खाली. मुलगा भाजी घेऊन मालेगावला गेलेला. हाकेच्या अंतरावर एकच माणूस होतं, जाऊ. मी तिच्याच नावाने ओरडले. पाणी कमरेवर आलं. भीतीने लुगड्यात मुतले.

कमानीत तिचं तोंड दिसलं.

"बाई, तुमी? इथं काहून?"

"मोटर बंद कर! पाय अडकला माहा!"

तिने माझ्याकडे पाहिलं, भगदाडाकडे पाहिलं आणि गेली. विहिरीकडे गेली की घराकडे, कळेना. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं ते मला ठाऊक होतं, म्हणूनच जास्त भीती वाटली. पाणी गळ्याला लागलं. हनुवटी वर करून भिंत धरून बसले.

मग घरघर थांबली. पाण्याची धार बारीक झाली. ती लोखंडी सब्बल घेऊन आत आली, वाकून गळ्यापर्यंत भिजली, लोखंड उचकटलं. मला बाहेर ओढून काढल्यावरच बोलली.

"मंग, सापडला का चोर?"

"पाह्यलं नं तू ते भगदाड."

"मी पाह्यलं. गिरणीवरच्या बायाईनं कुठं पाह्यलं?"

ऑटो त्याच संध्याकाळी काढायला लावलं. दुसऱ्या दिवशी लंगडत गिरणीवर गेले. दळण नव्हतं. बाया त्याच होत्या. दारातूनच सांगितलं, पाणी भिंतीतून खड्ड्यात जात होतं, जावेने नेलं नाही. तेवढ्यात गिरणीची मोटर सुरू झाली आणि मी दचकून पाय वर उचलला. बाया हसल्या. हसू दिलं.