टाक्याखालचं बोट

फोन आला तेव्हा मी ऑपरेशन थिएटरात ट्रे लावत होते. मॅडमचा, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नीचा फोन. "सिस्टर, गेले हो..." एवढंच त्या म्हणाल्या. मी "बरं" म्हणाले. माणूस गेल्याचं कळल्यावर कुणी "बरं" म्हणतं का? पण इतकी वर्षं डॉक्टरांनी काहीही सांगितलं की माझ्या तोंडून आधी तेच निघायचं, आणि मग मी भांडायला लागायचे. त्या दिवशी भांडायला समोर कुणी नव्हतं. ट्रे तसाच टाकून मी खाली फरशीवर बसले आणि रडले. आता महिना उलटून गेला, तरी मधूनच रडू फुटतं, आणि त्याहून जास्त राग येतो. मॅडमना विचारूनच हे लिहिते आहे, तेव्हा रागही लपवत नाही.

डॉक्टर निमोण्याचे, धनगराच्या घरातले. त्यांच्या वडिलांनी मेंढरं घेऊन माळ तुडवले आणि मग थोडी जमीन करून गावात स्थिरावले. मी शिरूरच्या मिशन कंपाउंडात वाढलेली, नर्सिंग संपवून त्यांच्या छोट्या हॉस्पिटलात लागले ती तिथलीच झाले. सर्जनची खरी कसोटी पोट उघडताना नव्हे, बंद करताना लागते, हे मी त्यांच्याच हाताखाली पाहिलं. सुई थरातून आत जाते तेव्हा टोक दिसत नाही, आणि खाली लगेच आतडं. डॉक्टर डाव्या हाताचं पहिलं बोट सुईखाली आडवं धरायचे. टोक बोटाला लागलं की थांबायचे. ते ज्यांच्याकडे शिकले तेही असंच करायचे म्हणे. ग्लोव्ह फाटायचा, बोटातून रक्त यायचं, की नवा ग्लोव्ह चढवून काम पुढे चालू. मी ओरडले की म्हणायचे, "आतड्याला लागण्यापरीस बोटाला लागलेलं बरं, सिस्टर. बोट भरून येतं."

एकदा दौंडला बहिणीकडे गेले होते, तेव्हा तिथल्या शिंप्याकडून मी एक अंगुस्ताना आणला. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ना, तो. उकळून, दोन ग्लोव्ह्जच्या मध्ये त्यांच्या बोटावर चढवला. डॉक्टरांनी निमूटपणे घालून घेतला, एक-दोन टाके घातले आणि वैतागले. "आता माझं बोट कुठलं आन् आतडं कुठलं, तेच कळंना. काढा ह्ये टोपरं!" सगळं थिएटर हसलं. पण ते टोपरं त्यांच्या डोक्यात राहिलं असावं. हळूहळू त्यांनी आमची सगळी रीतच बदलली. पोटाच्या थरातून जाणाऱ्या पण ग्लोव्हमधून सहसा न जाणाऱ्या, बोथट टोकाच्या सुया मागवल्या. सगळ्यांना दुहेरी ग्लोव्ह्ज. हातातून हातात सुई द्यायची नाही. मी "सुई" म्हणून ती मधल्या ट्रेमध्ये ठेवायची, मग त्यांनी उचलायची. टोक चिमट्यानंच धरायचं. शिकायला आलेल्या एखाद्या डॉक्टरनं नुसतं बोट पुढे केलं तरी ऑपरेशन थांबवून ते त्याची हजेरी घ्यायचे. मग आमच्याकडे कुणालाच सुई टोचेनाशी झाली... एक आमचे डॉक्टर सोडून. पोट रक्तानं भरलंय, काही दिसत नाही, पेशंटचं बीपी पडतंय, अशा वेळी चिमटा बाजूला पडायचा आणि ते बोट आत जायचंच. मी चिमट्याची मूठ त्यांच्या मनगटावर मारायचे. सर्जनला मारणारी सिस्टर म्हणून तालुक्यात माझी चांगलीच ख्याती होती. मारलं, पण पुरेसं लागलं नाही.

मग त्यांच्या पायांवर सूज आली, पोटात पाणी झालं. तपासणीत हिपॅटायटिस सी निघाला. रक्तातून येणारा हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप लिव्हर पोखरत बसतो. गोळ्यांनी विषाणू गेला, पण लिव्हर आधीच गेलं होतं, आणि त्यात कॅन्सर. हे कळल्यावर डॉक्टरांनी पहिलं काम काय करावं? ज्यांच्या पोटात त्यांचं बोट फाटलं होतं, त्यातले आठवतील तेवढे जुने पेशंट तपासणीला बोलावले. एकात तोच विषाणू सापडला. दौंड तालुक्यातले ते. इथे त्यांना आप्पा म्हणते, खरं नाव-गाव लिहीत नाही. बैलानं भोसकून त्यांचं आतडं बाहेर आलं होतं, आणि त्या दिवशी डॉक्टरांचा ग्लोव्ह रक्तानं भरला होता. आप्पांचं लिव्हर शाबूत होतं. गोळ्या घेऊन ते खडखडीत बरे झाले.

"ह्यांच्यामुळं झालं तुम्हाला," मी चिडून म्हणाले. "सिस्टर, रक्त दोन्हीकडं जातं," डॉक्टर म्हणाले. मला समजायला थोडा वेळ लागला. त्या फाटलेल्या बोटातलं रक्त आप्पांच्या उघड्या पोटात पडलं होतं. कुणाकडून कुणाला गेलं, हे आम्हाला कुणीच सांगू शकलं नाही. डॉक्टरांनी आप्पांनाही समोर बसवून सगळं सांगितलं. आप्पा नमस्कार करून निघून गेले.

शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. हातांच्या काड्या झाल्या होत्या, डोळे पिवळेजर्द. ते बोट चादरीवर होतं. मी ते हातात घेतलं आणि माझा बांध फुटला. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "तुम्ही रोज प्रार्थनेला बसता न्हवं? माझ्यासाठी एवढं मागा. त्याच्याकडनं मला आलेलं असू दे. मी त्याला दिलेलं नसू दे." मी "बरं" म्हणाले. त्या एकदाच भांडले नाही. घरी येऊन मागितलं, आणि ते गेल्यावरही रोज मागत राहिले. जाणारा माणूस निदान निर्दोष जावा, एवढंच माझ्या मनात होतं.

दशक्रियेला निमोण्याला गेले तर आप्पा आलेले. माणसं पांगल्यावर ते माझ्याजवळ आले, सदरा वर केला आणि पोटावरचा व्रण दाखवला. "बघा सिस्टर, कसा सरळ हाय. डॉक्टरांचा हात." त्या सरळ रेषेकडे माझ्यानं बघवेना. आप्पांनी सदरा तसाच वर धरून ठेवला होता. "मी खंडोबाला रोज सांगतोय... डॉक्टरांकडनंच मला आलेलं असू दे. माझ्याकडनं त्यांना गेलं नसंल, व्हय ना? तुम्ही तवा तिथं हुता. तुम्ही सांगा."

मी त्यांचा सदरा खाली केला आणि म्हणाले, "आप्पा, एस्टी चुकंल, निघा आता."

संध्याकाळी घरी येऊन प्रार्थनेला बसले. एकाचं मागावं तर दुसऱ्याच्या माथी जातं. अजूनही रोज बसते. आधी डॉक्टरांचं नाव घेते, मग आप्पांचं, आणि काहीही न मागता उठते.