छप्पर चिकटवण्याआधी

आज सभेआधी शेजारच्या मुलीनं नखांना पॉलिश लावलं आणि त्या वासानं अण्णांचा डबा डोळ्यांपुढे आला. अण्णा म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या कारखान्यातले निवृत्त सुतार. तेव्हा ते मीरा रोडच्या आमच्या खोलीत आगगाडीच्या प्रवासी डब्याची हातभर लांबीची प्रतिकृती बनवत होते. पुठ्ठ्याचे बाक, त्यांवर लाल नेलपॉलिश, टाचणीच्या डोक्यांचे दिवे.

त्या दिवशी मी पाण्याच्या मोर्च्याला निघाले होते.

"बेबी, एकदा आत बघून जा. छप्पर चिकटवलं की काही दिसायचं नाही."

तेवढ्यात मला आमच्या मोर्च्याचं कापलेलं पत्रक दिसलं.

"लोकांच्या नळाला पाणी नाही, आणि तुम्ही आमची पत्रकं कापून खेळणी करताय? लाज वाटते का काही?"

"एकच घेतलं गं."

मी दार आपटून गेले. परतले तेव्हा छप्पर बसलेलं होतं.

अण्णा गेल्यानंतर कधीतरी डिंक सुटला आणि छप्पर हातात आलं. आत, दाराशेजारच्या भिंतीवर, पत्रकातली एकच ओळ सरळ कापून चिकटवली होती: 'पाणी आमच्या हक्काचं.'

हजारो पत्रकं वाटली मी. बहुतेक रस्त्यावरच पडली. एका माणसानं त्यातली ओळ इतकी जपून लावली, आणि त्याचीच मी लाज काढली.