दोन पंख्यांचे भावजी

जगातल्या सगळ्या वस्तूंचे आमच्या भावजींच्या लेखी दोनच प्रकार आहेत. एक, उचलता येण्याजोग्या आणि दुसऱ्या, अजून नीट न बांधलेल्या. तिसरा प्रकार ते मानत नाहीत. निदान डोंगर तरी उचलता येत नाही, असं मी एकदा जेवताना म्हणून गेलो, तेव्हा त्यांनी खिडकीतून समोरच्या डोंगराकडे अशा नजरेनं पाहिलं, की मला डोंगराचीच काळजी वाटली. "आकडा कुठं अडकवायचा, येवढाच प्रश्न हाय, मास्तर," असं म्हणून त्यांनी भातावर आमटी वाढून घेतली.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कर्जतहून घाटाकडे तोंड केलं की पायथ्याशी त्यांचं गाव आहे. भाताची खाचरं, आणि त्यांच्या मधेमधे अलीकडे उगवलेले मुंबईकरांचे बंगले. हवाई दलात तीस वर्षं काढून ते घरी परतले. त्यातली शेवटची काही वर्षं त्यांनी एका अवाढव्य मालवाहू हेलिकॉप्टरच्या पोटाखाली घालवली. पोटाखाली हे मी अक्षरशः म्हणतोय. ते धूड डोक्यावर हातभर अंतरावर घोंगावत असताना तोफेवर नाहीतर पाण्याच्या टाकीवर उभं राहायचं आणि तिला बांधलेल्या दोरांची कडी वरून आलेल्या आकड्यात अडकवायची, हे त्यांचं काम. ताईच्या माहेरी, म्हणजे आमच्या घराण्यात, कानाला मफलर गुंडाळल्याशिवाय ओटीवरही न येणारी माणसं जास्त, त्यामुळे या कामाचं आम्हाला भलतंच कौतुक. त्या हेलिकॉप्टरचं नाव मात्र ते कधी घेत नाहीत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव टाळायच्या तसे ते नुसतं "आमची" म्हणतात. पहिल्यांदा भेटणाऱ्याचा त्यामुळे चांगलाच गैरसमज होतो, आणि ताई तो मुद्दाम दूर करत नाही.

घरी आलेल्या माणसाला चहाच्या आधी "आमची" समजून घ्यावी लागते. साध्या हेलिकॉप्टरला डोक्यावर एक मोठा पंखा असतो. तो एका बाजूला फिरला की खालचं धूड उलट्या बाजूला गरगरायला बघतं, म्हणून त्याला आवरायला शेपटीवर छोटा पंखा लावावा लागतो. "म्हंजे निम्मा जीव शेपटी सांभाळण्यात!" हे सांगताना भावजींच्या चेहऱ्यावर शेपटीवाल्यांबद्दल खरीखुरी कीव असते. आमचीला तो शेपटीचा पंखाच नाही. पुढे एक आणि मागे एक असे दोन मोठे पंखे, उलटसुलट फिरणारे. एकाचा झोक दुसरा खातो आणि सगळी ताकद उचलण्याच्या कामी येते. दहा टनांची तोफ लोंबकळत घेऊन ती डोंगर ओलांडते. पंखे इतके जवळ, की एकाची पाती दुसऱ्याच्या पात्यांमधून जातात. तरी टक्कर होत नाही, कारण आतून दोघांना एका दांड्यानं जोडलेलं असतं. दोन इंजिनांपैकी एक बंद पडलं तरी उरलेलं एकटं दोन्ही पंखे फिरवतं. इथे भावजी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत फिरवून दाखवतात, आणि ताई चहाचा ट्रे ठेवता ठेवता म्हणते, "या घरातला तो दांडा म्हंजे मी."

नुसतं सांगून समाधान होईना, म्हणून त्यांनी ओटीवर छताला दोन पंखे उलटसुलट फिरणारे लावून घेतले. कर्जतच्या वायरमननं आधी नाही म्हटलं, मग हात जोडले, आणि शेवटी लावून दिले. अडचण एवढीच, की उलट फिरणाऱ्या पंख्याची पातीही उलट्या कलाची लागतात आणि तसा पंखा बाजारात मिळत नाही. परिणामी पुढचा पंखा खाली वारा देतो आणि मागचा छताला देतो. भावजी नकोशा पाहुण्याला मागच्या पंख्याखाली बसवतात. गेल्या मे महिन्यात मलाही तिथेच बसवलं होतं. कारण मी अजून शोधतोय.

माणसाचं वजन ते नुसत्या नजरेनं सांगतात, आणि दुर्दैवानं मोठ्यानं सांगतात. "ब्याऐंशी! दिवाळीला अठ्ठ्याहत्तर होतास." माझी बायको या कारणानं त्यांच्या घरी यायचं टाळते. लग्नाच्या वऱ्हाडाचा टेंपो भरायचा झाला तर नात्यातल्या मांडवापासून परक्याच्या मांडवापर्यंत भावजींना बोलावणं जातं. आधी जड सामान मधोमध, मग पुढेमागे माणसं, असा त्यांचा क्रम ठरलेला. आमच्या एका लठ्ठ मामांना त्यांनी तोल साधेपर्यंत तीनदा पुढून मागे आणि मागून पुढे हलवलं. मामा हॉलवर पोचेपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. रस्त्यानं जाणाऱ्या गाडीच्या आवाजावरून ती भरलेली की रिकामी हे तर ते पेपरमधून मान वर न काढता सांगतात. "भरल्याला आवाज दबका असतो. रिकामा उगाच बडबडतो," असं म्हणून ते माझ्याकडे का बघतात, हेही मी शोधतोय.

दाराशी त्यांनी एक काळा दगड बसवला आहे. हवेत पंखे घुमले की हेलिकॉप्टरच्या अंगात वीज साठते, आणि खाली आलेल्या आकड्याला थेट हात लावला तर माणूस फेकला जातो. म्हणून आधी तारेची काठी लावून ती वीज जमिनीत उतरवायची असते. हा नियम भावजींनी घराला लावला. बाहेरून आलेल्यानं चपला काढून क्षणभर त्या दगडावर उभं राहायचं, मग आत यायचं. "लांबून आलेल्या माणसाला लगेच हात लावू नये. आधी उतरू दे." मी हसलो होतो. पण नेरळच्या शाळेतून मुख्याध्यापकांशी भांडून थेट ताईकडे गेलो की त्या गार दगडावर खरंच बरं वाटतं.

आणि त्यांची ती खूण. डावी मूठ समोर धरायची आणि उजव्या पंजानं तिच्या खालून हवा कापायची. अर्थ: भार सुटला, निघा. निरोप म्हणून ते हीच खूण करतात, एसटीला, टेंपोला, पोस्टमनला. माझ्या भाचीची, म्हणजे त्यांच्याच मुलीची, पाठवणी झाली, तेव्हा गाडी हलताना त्यांनी ही खूण केली आणि सगळा मांडव हसला. ताई हसली नाही. मूठ बराच वेळ तशीच धरलेली होती, हे तिनं मला नंतर सांगितलं.

अशा माणसाला आयुष्यात एकच गोष्ट बोचत होती, ती म्हणजे हिरूबाईला दिलेला शब्द. हिरूबाई ही ताईची जुनी मैत्रीण. वरच्या डोंगरातल्या वाडीची. वाडीला पाऊलवाटेशिवाय रस्ता नाही. दीड तास उतरून बायका दळण खाली आणायच्या आणि दीड तास चढून पीठ वर न्यायच्या. भावजी नोकरीत असताना एकदा सुट्टीवर आले होते. हिरूबाई ओटीवर पिठाचं ओझं टेकवून घाम पुसत होती. तेव्हा ते भरात बोलून गेले, "वाडीत लाइट येऊ दे, मग आख्खी चक्की आमचीच्या आकड्याला टांगून आनून टाकतो तुमच्या दारात." आमच्यासारख्यांनी ते हसण्यावारी नेलं असतं. हिरूबाईनं विश्वास ठेवला. तेव्हापासून करवंदं आणो की शेवळाची रानभाजी, पाटी उतरवली की ती विचारायची, "भावजी, कवा येनार तुमची?" आणि भावजी म्हणायचे, "येनार. येनार." पुढे वाडीत लाइट आली. त्याआधीच भावजी निवृत्त झाले होते. त्यांनी अर्ज केले. सरकारी हेलिकॉप्टर चक्की पोचवायला मिळत नाही, असं नम्र उत्तर आलं. हिरूबाई पायरीवर दिसली की ते मागच्या दारानं गोठ्यात जाऊ लागले. तोफा उचलणारा माणूस एका बाईच्या प्रश्नापुढे गोठ्यात लपतो, हे बघून मला वाईट वाटायचं.

मग खोपोलीची एक चक्की बंद झाली आणि मालकानं यंत्र देऊन टाकलं. भावजींच्या अंगात वारं शिरलं. महिनाभर त्यांनी दोर वळले, गाठी मारल्या, कागदावर बाण काढले. आमची येत नाही तर आपणच आमची व्हायचं, असा बेत. लांबलचक बांबू, पुढे सहा गडी, मागे सहा गडी, मधे तीन दोरांवर चक्की. मला "तोल म्हणून" मागच्या दोराला लावलं होतं. माझ्या ब्याऐंशी किलोंची त्यांनी पहिल्यांदाच स्तुती केली.

पहिल्या शंभर पावलांत आम्ही शोभून दिसलो. मग वळण आलं. पुढचे सहा जण वळणापलीकडे, मागचे सहा अलीकडे, बांबू कातळाला अडलेला आणि चक्की दरीकडे तोंड करून झुलत असलेली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. भावजी समोर उभे राहून हातांनी खुणा करत होते, पण त्या खुणा कळणारा आमच्यात कोणी नव्हता. त्यांचा चेहरा उतरत गेला. एवढ्यात वरून करवंदांची पाटी डोक्यावर घेऊन हिरूबाईच आली. तिनं भावजींसकट आम्हा चौदा जणांना नीट बघून घेतलं.

"भावजी, ह्याला नटबोल्ट हायती ना?"

"हायती."

"मंग सोडवा की रं. तुकडं करून नेऊ."

कोणतीही गोष्ट न सोडवता, आख्खी उचलणं हाच जिचा सारा मोठेपणा, तिच्याखाली वर्षं काढलेल्या माणसाला पान्याची आठवण झालीच नव्हती. भावजींनी घाम पुसला. "आमची असती ना हिरूबाई, तर सोडवायला लागलं नसतं," ते म्हणाले. मग चक्की वाटेवर ओढून टेकवायला लावली, गावातून पाना मागवला आणि खाली बसून पहिला नट फिरवला.

वाडीतल्या बायका उतरून आल्या. कुणी नरसाळं उचललं, कुणी चाक, कुणी पट्टा गळ्यात घातला. दगड आणि मोटर काठीला बांधून दोघादोघांनी नेली. उरलं ते बिडाचं मुख्य धूड. त्याचे तुकडे होत नव्हते. तिथे मात्र भावजींची विद्या कामाला आली. आखूड बांबू, पुढे दोघं, मागे दोघं, आणि तीन दोर असे बांधलेले की भार जरासुद्धा गरगरला नाही. चौघांच्या कमरेभोवती त्यांनी एकच दोरी गुंडाळली. "हा दांडा. येकानं पाऊल टाकलं की चौघांचं पडलं पायजे." आणि पडलं. मी मागून रिकाम्या हातानं चढलो, तरी सगळ्यांत जास्त मीच धापा टाकत होतो. हिरूबाईच्या अंगणात धूड टेकलं, तेव्हा भावजींनी मूठ धरून खालून हवा कापली. या वेळी कोणी हसलं नाही. संध्याकाळपर्यंत चक्की जोडून झाली आणि नाचणीचं पहिलं गरम पीठ हिरूबाईनं त्यांच्या ओंजळीत घातलं.

त्यानंतर भावजी सुखात असायला हवे होते, आणि होतेही. फक्त एकदा ते मला म्हणाले, "हिरूबाई आता विचारत नाय रं." मी म्हणालो, बरंच झालं की, काम झालं. आवाजावरून भार ओळखायची विद्या माझ्याकडे नाही.

परवा थंडीत आम्ही तिघं ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होतो, भावजी, मी आणि त्या शेंगा घेऊन आलेली हिरूबाई. घाटाच्या बाजूनं धडधड आली, जाडजूड, दुहेरी. भावजींचे हात थांबले. ते उठून अंगणात गेले. आभाळात खूप वर ती जात होती, पुढे एक आणि मागे एक पंखा.

"रिकामी चाललीय," हिरूबाई मान वर न करता म्हणाली.

भावजी गर्रकन वळले. "कसं कळलं गं?"

"येवढी वर्सं ऐकत्ये की तुमचं. भरल्याला आवाज दबका असतो." तिनं शेंगेतला दाणा भांड्यात टाकला. "चक्कीचा दगड झिजत आलाय, भावजी. नवा लागंल. कवा येनार तुमची?"

चक्कीचा दगड दोन माणसं काठीला बांधून वर नेतात, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं.

"येनार," भावजी म्हणाले. "येनार." आवाज पार विरेपर्यंत ते दाराशी त्या काळ्या दगडावर उभे होते. हात वर गेला होता, पण भार सुटल्याची खूण त्यांनी केली नाही.