बाकावर न बसणारे सर

आमच्या हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या शाळेचे खेळाचे सर सामन्यात कधी बसत नाहीत. बास्केटबॉलला मुली मिळतात पाचच, त्यातली एक माझी नात. बदली खेळाडूंचा बाक रिकामा. सर रेषेलगत येरझारा घालतात.

"सर, टेका की जरा!"

"त्या बाकाकडं पाहिलं की पोरी दमतात, आजी. मी उभा हाय तवर त्याबी उभ्या."

हिंगोलीत मोठ्या शाळेविरुद्ध आम्ही एका गुणानं पुढे होतो, तेवढ्यात नातीचा पाय मुरगळला.

"खेळते मी, सर!"

तिच्या वयात मी काटा मोडला तरी कामं टाळायला आठवडाभर लंगडायची. आता मीच ओरडले, "खेळू द्या तिला!"

सरांनी तिला बाहेर घेतलं. उरलेल्या चौघी हरल्या. पण सर पहिल्यांदाच बाकावर बसले, तिच्या शेजारी.

"आजी, वरडत काय बसलात? उठा, बरफ आणा."